पाऊण की पाव

…तर शेजारच्या वीणाने चपला काढल्याच नाहीत. काल आपण इथवर आलो होतो आणि मला जेवायला हाक आली, म्हणून राहिलं. चपला घालून ती थेट सुभेदारांच्या बैठकीत आली. मी तिथेच वेताच्या खुर्चीत चहा घेत बसलो होतो. चहा कसला, नुसतं साखरपाणी. सुभेदार लक्ष्मीकांत जगदाळे बायको गेल्यापासून स्वतःच करतात आणि त्याला चहा म्हणतात. पण मी तो रोज पितो, कारण त्या घरात जे बघायला मिळतं ते आमच्या तेलीबागेत दुसरीकडे कुठे मिळत नाही.

"काका, तुम्ही माझ्या मुलीचं वाटोळं केलंत," वीणा म्हणाली.

सुभेदारांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "चपला बाहेर."

"चपला राहू देत. नोकरी चालली तिची!"

"नोकरी गेली तरी फरशी माझीच आहे. चपला बाहेर."

मी बिस्कीट उचललं आणि खुर्ची जरा मागे सरकवली. पण पुढचं सांगण्याआधी हा माणूस कोण ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, आजोबा भलतीकडूनच सुरू करतात.

सुभेदार मूळचे फलटणकडचे. सैन्याच्या शिक्षण विभागात होते. जवानांना नकाशे, गणित, पत्रलेखन असलं शिकवायचे. शेवटचं पोस्टिंग लखनौला झालं आणि पुष्कळांसारखे इथेच राहिले. त्यांनी तेलीबागेत घर बांधलं. पुढे माझ्या मुलानेही तिथेच बांधलं, आणि त्याच्यामागे मी आलो माण तालुक्यातून, एका पिशवीनिशी. पहिल्याच दिवशी मी फाटकाशी उभा राहून म्हणालो, "नमस्ते, कैसे हो?" तर हा गृहस्थ म्हणाला, "नाव काय तुमचं? मराठी आहात ना? मग ही नाटकं कशाला?" तशी ओळख झाली.

त्यांचा एकच हट्ट. मराठी माणसाशी मराठीत बोलणार, आणि आकडे तर मराठीतच. पॉइंट सेवन फाइव्ह नाही, पाऊण. वन अँड अ हाफ नाही, दीड. दर रविवारी व्हरांड्यात मुलांचा मराठी वर्ग घ्यायचे. फौजींची, बँकवाल्यांची, रेल्वेवाल्यांची पोरं यायची. कुणी "भैया ने बोला" म्हटलं की सुभेदार त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि म्हणायचे, "भैया काय बोलला ते भिंतीला सांग. मला मराठीत सांग." हळूहळू पोरं कमी झाली. पोरांच्या आयांनी सांगितलं, स्कूलचा लोड आहे. सुभेदार म्हणाले, "लोड नाही, लाज आहे."

एकाच माणसाने त्यांचं मराठी मनापासून शिकून घेतलं, तो म्हणजे आमचा सब्जीवाला. त्याचा ठेला आला की सुभेदार म्हणायचे, "पाऊण किलो भेंडी." तो बिचारा आधी पाव किलो द्यायचा, मग अर्धा द्यायचा, मग शिव्या खायचा. आता बरोबर साडेसातशे ग्रॅम तोलतो आणि वर म्हणतो, "साहब, पाऊण!" सुभेदार त्याला हसून दाद देतात. मराठी पोरांना कधी दिलेली मी पाहिली नाही.

वीणाची रुचा त्या वर्गात होती, सहा-सात वर्षांची असताना. दोन महिने टिकली. एका गणेशोत्सवात, विकास नगरच्या मराठी मंडळाच्या मांडवात, सगळ्यांसमोर सुभेदार वीणाला म्हणाले होते, "तुमच्या मुलीचं मराठी म्हणजे रोमिंगवरचा फोन. ऐकू येतं, पण उलट काही जात नाही." लोक हसले. वीणा नाही हसली. तिचा नवरा हवाई दलात, वर्षातले दहा महिने बाहेर. घर, सासू, मुलगी, सगळं तिने एकटीने ओढलेलं. तेव्हापासून दोन्ही घरांत दिवाळीचा फराळ जायचा, पण डबा रिकामा परत यायचा. आपल्याकडे डबा रिकामा परत आला म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग इतकी वर्षं फराळापलीकडे संबंध नसताना रुचा त्यांच्याकडे गेलीच का? त्याला कारण गणित.

पोरगी हुशार. एमएस्सी करायला विदर्भातल्या एका विद्यापीठात गेली. दोन वर्षं महाराष्ट्रात राहून आली तरी मराठी तेवढंच. कारण नागपूरकडे हिंदीवर सहज निभतं, आणि हिने निभावलं. तिच्या गुणपत्रिकेवर टक्के नव्हतेच. नुसता दहापैकी सरासरीचा आकडा, सीजीपीए म्हणतात तो, सहा पूर्णांक सहा. इकडे लखनौत चिनहटच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली. अर्जात टक्के लिहायचे, अट पंचावन्नची. आता सहा पूर्णांक सहाचे टक्के किती? मला विचाराल तर सहासष्ट. दहापैकी सात म्हणजे सत्तर, हे आमच्या गावच्या शाळेत पहिलीतल्या पोराला येत होतं. पण तसं नाही म्हणे. प्रत्येक विद्यापीठाचा हिशेब वेगळा. विद्यापीठाच्या साइटवर काही सापडेना, आणि सुभेदारांचा भाचा तिथेच प्राध्यापक. शेवटी वीणानेच सांगितलं, "जा, विचार त्यांना. काम आपलं आहे."

मी तिथे होतो. थंडीचे दिवस, आम्ही दोघं फाटकाजवळ उन्हाला बसलेलो. रुचाने स्कूटी थांबवली आणि हेल्मेट न काढताच विचारलं. सुभेदारांनी भाच्याला फोन लावला, सगळं नीट समजून घेतलं, आणि मग त्यांच्या अंगात मास्तर आला. आधी त्यांनी मलाच धरलं.

"सांगा, चार श्रेयांकांच्या विषयात सात गुण, दोन श्रेयांकांच्या प्रॅक्टिकलला नऊ. सरासरी किती?"

"आठ," मी म्हणालो. सात आणि नऊ, मधलं आठ.

"झालं! अहो, चार आणि दोन सारखे का? चार साते अठ्ठावीस, दोन नव्वे अठरा. एकूण शेहेचाळीस. भागिले सहा. पावणेआठच्याही खाली येतं. जो विषय जड, त्याचा वाटा जड. तुम्ही लग्नाच्या पंगतीत पाटील आणि पोर एकाच मापाने वाढता का?"

"आमच्या गावात पोरालाच जास्त वाढतात," मी म्हणालो. ते त्यांना आवडलं नाही.

रुचा हेल्मेटमध्ये हसली. "काका, सीजीपीए तो है मेरे पास. बस परसेंटेज का फॉर्म्युला बता दीजिए."

"मराठीत विचार."

"फॉर्म्युला… काय आहे?"

"त्यातून पाऊण वजा कर. उरेल त्याला दहाने गुणायचं. समजलं?"

"हाँ काका, ठीक है. थँक्यू!" आणि गेली भुर्रकन.

मी विचारलं, पाऊण का वजा करायचं? मिळालेलं कमी का करायचं? सुभेदार म्हणाले, त्या विद्यापीठात सात गुण म्हणजे कुणीतरी साठ ते पासष्टच्या मधला. मधोमध धरला तर साडेबासष्ट. आता सातातून पाऊण काढा, सव्वासहा. दहापट करा, साडेबासष्ट. बरोबर बसतं की नाही? मला एकदम आमचे मास्तर आठवले. आमच्या गावात शाळा मारुतीच्या देवळात भरायची, आणि पाऊणकी म्हटल्याशिवाय घंटा व्हायची नाही. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. चारला सगळे जोरात ओरडायचे, कारण तिथे आकडा सरळ व्हायचा. मी उन्हात बसून दहापर्यंत म्हणून दाखवली. सुभेदारांनी दोनदा चूक काढली, ती वेगळी.

असो. तर त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही की रुचाने पाऊण ऐकलंच नव्हतं. तिने ऐकलं होतं पाव. आणि तिला बोल कसा लावणार? जन्मापासून लखनौत. बाजारात रोज ऐकणार "पाव भर धनिया, पाव भर मिर्ची". पाऊण हा शब्द तिच्या आयुष्यात आला असेल तर आमच्या सब्जीवाल्याच्या तोंडून. तिने सहा पूर्णांक सहातून पाव वजा केला. साडेत्रेसष्ट टक्के. अर्जात तेच लिहिलं. मुलाखत झाली, निवड झाली, घरी पेढे आले. आमच्याकडेही आले. सुभेदारांकडेही गेले, आणि त्या दिवशी म्हणे डबा रिकामा परत आला नाही. त्यात चार लाडू होते.

मग कागद तपासायची वेळ आली. विद्यापीठाने टक्केवारीचा दाखला पाठवला, त्यात साडेअठ्ठावन्न. अर्जात साडेत्रेसष्ट. पाच टक्क्यांची तफावत. आता अट पंचावन्नची, म्हणजे साडेअठ्ठावन्नवरही पोरगी पात्रच होती. पण अर्जाच्या खाली छापलेलं असतं ना, माहिती खोटी आढळल्यास निवड रद्द. शाळेने सांगितलं, उद्या येऊन खुलासा द्या, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावतो.

आणि म्हणून वीणा चपला घालून आत आली होती. आता बसा.

"तुम्ही तिला पाव सांगितलंत," वीणा म्हणाली.

"पाऊण सांगितलं."

"तिने पाव ऐकलं."

"मग कान तिचे."

"अहो, पॉइंट सेवन फाइव्ह म्हणायला जीभ झिजते का तुमची? एवढी शिकलेली मुलगी समोर उभी, तिला कळेल असं बोलायचं सोडून सव्वा, दीड, पाऊण! काय मिळतं तुम्हाला?"

"आणि पोटच्या मुलीला आईची भाषा शिकवायला तुमची जीभ झिजली का?"

मला वाटलं आता ही कप उचलून मारते. कप माझा होता, म्हणून मी तो हातात घेतला.

"मी नोकरी केली, काका," ती सावकाश म्हणाली. "घरी येऊन सासूचं औषधपाणी केलं. मुलीला हिंदीत अभ्यास, इंग्रजीत परीक्षा. मराठी कधी शिकवू? स्वप्नात? तुम्ही पेन्शनवर बसून शुद्ध राहिलात. तुमचा मुलगा कुठे आहे हो? कॅनडात ना? त्याची मुलं कोणतं मराठी बोलतात?"

हे मात्र नको होतं बोलायला. सुभेदार उठून उभे राहिले. ते उंच आहेत, उभे राहिले की खोली लहान होते.

"काम काय आहे तुमचं?"

"उद्या चिनहटला चला. लिहून द्या, की माझ्याकडून पाव सांगितलं गेलं. म्हातारा माणूस, चूक झाली, एवढंच. तुमचं काय जातं? तुम्हाला कुठे नोकरी करायचीय?"

"खोटं लिहू?"

"एक शब्द! पाऊणच्या जागी पाव!"

"मी आयुष्यभर पोरांना सांगितलं, उत्तर चुकलं तर चुकलं म्हणा. आता म्हातारपणी बरोबर उत्तर चूक म्हणून सही करू? नाही. तिने जाऊन खरं सांगावं. मला शब्द कळला नाही, म्हणावं."

"गणिताच्या शिक्षिकेने? पाऊण कळत नाही म्हणून? ते म्हणतील, बाई, घरी बसा!"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मम्मी, बस करो." रुचा कधीची उभी होती कुणास ठाऊक. चपला तिने काढलेल्या होत्या, हे मी पाहिलं, आणि सुभेदारांनीही पाहिलं. "काका ने पाऊण ही बोला होगा. मुझे ही पाव लगा. मैंने पूछा नहीं, क्योंकि पूछती तो ये फिर डाँटते."

"मी रागावलो असतो?" सुभेदार म्हणाले.

"हमेशा डाँटते हैं आप."

"मराठीत सांग."

"नाही सांगणार!" रुचा ओरडली. तिचं पहिलं धड मराठी वाक्य मी त्या दिवशी ऐकलं, आणि ते असं निघालं.

वीणाने तिचा हात धरला आणि जाताजाता म्हणाली, "तिथे कागद तपासायला कोण बसलंय माहीत आहे? प्रफुल्ल रामटेके. तुम्हाला ओळखतात ते. चांगलेच ओळखतात."

दोघी गेल्यावर सुभेदारांनी फरशी पुसली. चिखलबिखल काही नव्हता, तरी पुसली. मी म्हणालो, "पोरीचं नुकसान होईल हो." तर म्हणाले, "तुमचा चहा झाला असेल तर निघा." मी निघालो. वाईट कशाला वाटून घ्यायचं, उद्याचा चहा होताच.

पण दुसऱ्या दिवशी चहा झालाच नाही. सकाळी मी दूध आणायला निघालो तर सुभेदार वीणाच्या फाटकाशी उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बूट चकचकीत. आत निरोपसुद्धा पाठवला नव्हता, नुसते उभे. टॅक्सी आली, मायलेकी बाहेर आल्या. वीणा त्यांना बघून थबकली.

"मी खोटं बोलायला येत नाहीये," सुभेदार म्हणाले.

"मग कशाला येताय? मजा बघायला?"

"मजा बघायला हे आहेत," त्यांनी माझ्याकडे हात केला. आणि बघा, बोलावणं झालंच की. दुधाची किटली हातात घेऊन मी मागच्या सीटवर बसलो. पुढे ड्रायव्हरशेजारी सुभेदार. मागे वीणा, मधे रुचा, कडेला मी.

शहीद पथावर गाडी लागली तरी कुणी तोंड उघडेना. मला असलं सहन होत नाही. मी रुचाला हळूच म्हटलं, पाऊणकी म्हणून दाखवू का? ती म्हणाली, "आजोबा, पाऊण मतलब पौना ही ना? पौन किलो वाला?" मी म्हटलं, तेच की. "तो ऐसे बोलते ना! पौना तो मुझे आता है." वीणाने कपाळाला हात लावला. सगळ्यांनाच येत होतं, फक्त एकमेकांच्या भाषेत नव्हतं. मी म्हणायला लागलो, एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड… पाच पाऊण साडेतीन…

"पावणेचार!" पुढून आवाज आला. मान न वळवता.

"पावणेचार," रुचा पुटपुटली. मग बोटं मोजत म्हणाली, "सहा पाऊण… साढ़े चार?"

पुढून काहीच आवाज आला नाही. म्हणजे बरोबर असावं.

आता प्रफुल्ल रामटेके कोण, तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. वडील नागपूरकडचे, रेल्वेत नोकरीला इकडे आलेले. हा शाळेचा कार्यालय अधीक्षक. बाबासाहेबांच्या जयंतीला सगळ्या लखनौतल्या मराठी घरांना आमंत्रण देणारा, स्वतः वाढणारा माणूस. त्याची मुलगी स्नेहल एकदा मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलली. परीक्षक सुभेदार. पोरगी सुरेख बोलली, घडघड बोलली, पण घरच्या मराठीत. "का"ऐवजी "काहून" म्हणाली, "मला"ऐवजी "मले" म्हणाली. सुभेदारांनी भाषेचे गुण कापले आणि कापले ते कापले, वर माइकवरून सांगितलं की हे प्रमाण मराठी नाही. प्रफुल्ल तिथल्या तिथे उठला आणि म्हणाला, "आमच्या घरी चार पिढ्या हेच बोलतात, साहेब. लखनौत येऊनही विसरली नाही माझी पोरगी. तुमच्यापाशी गुण नाहीत, तर नसू द्या." मुलीचा हात धरून मांडवातून निघून गेला, तो पुन्हा मंडळात आला नाही. त्याचं मला वाईट वाटलं होतं, कारण मंडळात त्याच्याइतकी चांगली भाजी कुणीच करत नसे.

शाळेत पोचलो. प्रफुल्लने आम्हाला बसायला सांगितलं, सुभेदारांना सोडून. खुर्च्या तीनच होत्या म्हणा. सुभेदार उभे राहिले, हात मागे बांधून. मी किटली मांडीवर घेतली.

प्रफुल्लने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "साडेत्रेसष्ट. आणि हे साडेअठ्ठावन्न. बोला, रुचा मॅडम. कसं झालं हे?"

रुचाने आईकडे पाहिलं, मग सुभेदारांकडे. वीणाचे डोळे सुभेदारांवर खिळलेले. ती अजून वाट बघत होती, त्यांनी पाव म्हणावं म्हणून. पण बोलली रुचाच. आणि मराठीत बोलायचा प्रयत्न करत बोलली.

"सर, काकांनी पाऊण सांगितला. मला… मला पाव वाटला. मेरी गलती है. माझी चूक."

प्रफुल्लने चष्मा काढला. "पाऊणले पाव?" आणि तो हसला. मोठ्याने नाही, पण पुरेसा. शेजारच्या टेबलावरची बाईही हसली, तिला मराठी कळत नसूनही. "वा रे वा. माझी पोरगी 'काहून' म्हणाली तर माइकवरून मराठी नाही म्हणे. आणि सुभेदार साहेबांच्या शेजारची पोरगी पाऊणले पाव समजते, ते चालते! का हो साहेब? हिचे किती गुण कापले तुम्ही?"

सुभेदारांची मान ताठ होती. कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

"रामटेके," वीणा हात जोडून म्हणाली, "त्यांचं-तुमचं जे असेल ते असू दे. माझ्या मुलीचं बघा."

"मॅडम, मी मुलीचंच पाहून राहिलो," प्रफुल्ल म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "दाखला खरा आहे, साडेअठ्ठावन्न आहे, पोरगी पात्र आहे. आकडा मी दुरुस्त करतो. पण खुलाशात कारण लिहावं लागते, आणि तो कागद वर मॅनेजमेंटकडे जाते. ऐकणाऱ्याची चूक लिहिली तर ते विचारतील, गणिताच्या बाईले पाऊण समजत नाही काय? मग माझ्या हातात काही राहणार नाही. सांगणाऱ्याची चूक लिहिली तर सांगणाऱ्याने सही करावी, आणि विषय संपला. पोरगी सोमवारी वर्गावर."

रुचा खाली बघत होती. तिने आपली बाजू सांगून टाकली होती, तीही खरी. आता खरं धरायचं की सोडायचं, ते सुभेदारांनी ठरवायचं होतं.

प्रफुल्लने पेनाचं टोपण काढलं. उभ्या माणसाकडे बसल्या जागेवरून त्याने वर पाहिलं, आणि घाई न करता विचारलं, "तर मग सांगा, सुभेदार साहेब. कोणाची चूक लिहू? सांगणाऱ्याची का ऐकणाऱ्याची?"

"सांगणाऱ्याची लिहा. पाऊण मी म्हणालो, ते बरोबरच म्हणालो, पाव म्हणालो असं मी मेलो तरी लिहून देणार नाही. पण या पोरीला तो शब्द येत नाही हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तोच वापरला. ज्याला कळणार नाही त्याला सांगणं म्हणजे न सांगणंच, तेव्हा चूक माझी, आणा सही करतो. आणि ते हसणं बंद करा, रामटेके. हिच्या मराठीला हसायचा हक्क अख्ख्या लखनौत एकट्या माझा आहे."